टायर पंक्चर झाला आणि कंपनीने वॉरंटी नाकारली? मोबाईलमधले हे पुरावे कामाला येतील



बीबी, किनगाव जट्टू, सुलतानपूर, दुसरबीड या पट्ट्यात राहणाऱ्या पोरांना पंक्चर काही नवीन नाही. बाभळीचा काटा, ट्रॉलीतून पडलेला खिळा, खड्ड्याच्या कडेला वर आलेली खडी, काहीतरी घुसतंच. पंक्चर काढायचं, पैसे द्यायचे, पुढे निघायचं. विषय संपला.

पण समजा टायर नवीन आहे. चार-पाच महिनेच झालेत. एक दिवस हवा गेली आणि नीट बघितलं तर बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय. तुम्ही दुकानात जाता. दुकानदार टायर फिरवून बघतो आणि म्हणतो, "हे वॉरंटीत बसत नाही भाऊ, गाडी खड्ड्यात आदळली आहे." तुम्ही म्हणता, "आदळलीच नाही." तो म्हणतो, "मग हवा कमी असताना चालवली असेल." आता खरं कोणाचं?

ज्याच्याकडे पुरावा असेल त्याचं म्हणणं टिकतं. आणि टायरच्या बाबतीत हा पुरावा बहुतेक वेळा हवा गेल्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तयार होतो, नाहीतर कायमचा नष्ट होतो. तुमच्या खिशातला मोबाईल इथे खरा कामाचा. या लेखात आपण पाहू की पंक्चर झाल्यावर काय करायचं, कोणते फोटो काढायचे आणि वॉरंटी नाकारली तर बीबीत घरी बसून तक्रार कशी करायची.

टायरची वॉरंटी नेमकी कशाची असते?

बऱ्याच जणांना वाटतं की वॉरंटी म्हणजे टायरला काहीही झालं तरी नवीन मिळणार. तसं नसतं. टायर कंपन्यांची साधी वॉरंटी ही बनवण्यातल्या दोषाची असते. म्हणजे टायरचे आतले थर सुटणं, ग्रिपचा पट्टा उचकटणं, जोड उघडणं, असं काहीतरी जे कारखान्यात चुकलं आहे.

साधारणपणे या गोष्टी वॉरंटीत बसत नाहीत:

• खिळा, काटा, काच लागून झालेलं पंक्चर
• दगडाने किंवा धारदार वस्तूने पडलेला चीर
• खड्ड्यात आदळून आलेला फुगा
• हवा कमी किंवा जास्त ठेवल्याने झालेलं नुकसान
• अलाइनमेंट बिघडल्याने एका बाजूने झालेली झीज
• हवा नसताना गाडी चालवल्याने खराब झालेला टायर

शेवटचा मुद्दा पुन्हा एकदा वाचा. सगळी मेख तिथेच आहे.

दुसरी गोष्ट, वॉरंटी मान्य झाली तरी बहुतेक वेळा पूर्ण पैसे मिळत नाहीत. जेवढी ग्रिप शिल्लक आहे तेवढ्या प्रमाणात सूट मिळते. एक उदाहरण घेऊ. समजा बाईकच्या नव्या टायरची ग्रिप ५.८ मिलिमीटर होती. कायद्याप्रमाणे दुचाकीला ग्रिप किमान ०.८ मिलिमीटर लागते, म्हणजे वापरण्याजोगी ग्रिप ५ मिलिमीटर. आता ३.३ उरली असेल तर वापरण्याजोगी २.५ उरली, म्हणजे निम्मी. टायर २,४०० रुपयांचा असेल तर साधारण १,२०० रुपयांची सूट आणि उरलेले पैसे भरून नवीन टायर. प्रत्येक कंपनीचं सूत्र थोडं वेगळं असतं, पण हिशेबाची पद्धत हीच.

आणि हो, नवीन गाडीसोबत आलेल्या टायरची वॉरंटी सहसा गाडीच्या कंपनीची नसते, टायरच्या कंपनीची असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये बॅटरी आणि टायरबद्दल वेगळं लिहिलेलं असतं, ते पान आजच बघून ठेवा.

हवा गेली, आता पहिलं काम काय?

१. थांबा. हँडल जड वाटलं, मागचं चाक डुलायला लागलं, की ब्रेक जोरात न दाबता वेग कमी करा आणि रस्त्याच्या कडेला, कडक जमिनीवर गाडी घ्या. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत जॅक खाली रुततो, त्यामुळे चारचाकी असेल तर जागा बघून थांबा. इंडिकेटर चालू ठेवा.

२. रिकाम्या टायरवर गाडी चालवू नका. "पुढच्या फाट्यावर दुकान आहे, हळूहळू जाऊ" हा मोह सगळ्यांना होतो. हवा नसली की टायरची बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली जाते. प्रत्येक फेऱ्याला ती दुमडते, तापते आणि आतून घासून निघते. ट्यूबचा टायर असेल तर व्हॉल्व्हपाशी ट्यूबही फाटते. असं थोडं अंतर गेलात तरी टायरच्या आत गोल काळपट पट्टा उमटतो आणि रबराची पूड पडते. कंपनीचा तपासणारा टायर उघडल्यावर सगळ्यात आधी हेच शोधतो. ते दिसलं की मूळ दोष कोणताही असो, तुमचा क्लेम नाकारायला त्याला कारण मिळतं.

३. ट्यूबलेस असेल तर खिळा ओढून काढू नका. खिळा आत असेपर्यंत हवा हळूहळू जाते. जवळ छोटा पंप असेल तर हवा भरून सावकाश दुकान गाठता येतं. खिळा उपटला की हवा एकदम जाते.

४. मोठ्या रस्त्यावर असाल तर आधी जीव, मग टायर. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही, पण कारने जात असाल तर सगळ्यांना गाडीबाहेर काढून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीच्या मागे किंवा रस्त्याच्या बाजूने उभं राहू नका. संकटात ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. समृद्धीचा मदत क्रमांक फलकावर असतो, प्रवास सुरू करतानाच सेव्ह करून ठेवा.

पुरावा किती महत्त्वाचा, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिलंय

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. टायर फुटल्याने अपघात झाला, असं चालकाने सुरुवातीला सांगितलं होतं. पण आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नसल्याचं नोंदवलं गेलं. रस्त्यावर रबराचे तुकडे नव्हते, तशा टायरच्या खुणाही नव्हत्या.

एवढ्या मोठ्या दुर्घटनेची आपल्या पंक्चरशी तुलना होऊच शकत नाही. पण टायरच्या बाबतीत तपास कसा होतो ते यातून कळतं. कोण काय म्हणतो त्यापेक्षा रस्त्यावर, रिमवर आणि रबरावर काय उरलंय ते पाहिलं जातं. तुमच्या दोन-तीन हजारांच्या टायरलाही हाच नियम लागू होतो.

मोबाईलने हे आठ फोटो काढा

गाडी थांबल्यावर, टायरला हात लावायच्या आधी, कॅमेरा काढा. सेटिंगमध्ये लोकेशन टॅग चालू करा म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदवलं जातं.

१. पूर्ण गाडी, नंबर प्लेट आणि मागचा रस्ता एकाच फोटोत
२. मीटरवरचे किलोमीटर
३. पूर्ण टायर, गाडीला लावलेल्या अवस्थेत
४. फुगा, चीर किंवा सुटलेला थर जवळून, शेजारी पेन किंवा नाणं ठेवून, म्हणजे आकार कळेल
५. टायरवरचं कंपनीचं नाव, साइज आणि सिरियल नंबर
६. ग्रिप किती शिल्लक आहे ते दाखवणारा फोटो
७. रिमची कड, दोन्ही बाजूंनी
८. दुकानात टायर रिमवरून काढल्यावर त्याची आतली बाजू

यातला आठवा फोटो जवळपास कोणीच काढत नाही, आणि भांडण झाल्यावर तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. आत पूड नाही, काळा पट्टा नाही, हे टायर उघडल्या क्षणी टिपलेलं असेल तर "तुम्ही रिकाम्या टायरवर चालवली" हे म्हणणं टिकवणं अवघड जातं. सातवा फोटोही तसाच. फुगा आलाय पण रिमला कुठेही पोच नाही, ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. रिम वाकलेली असेल तर मात्र आदळल्याचा अंदाज पक्का होतो.

जमलं तर एक न थांबवलेला व्हिडिओही घ्या. नंबर प्लेटपासून सुरुवात करून टायरच्या सिरियल नंबरपर्यंत आणि तिथून दोषापर्यंत या. मधे कट नको. हा टायर याच गाडीचा आहे, हे त्यातून सिद्ध होतं.

फोटो काढले, पण ते जपायचे कसे?

फोटो काढून मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि गॅलरीतून डिलीट केले तर घोटाळा होईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि फाइलमधली ठिकाणाची माहितीही निघून जाते. म्हणून:

• मूळ फोटो मोबाईलमध्येच ठेवा. क्रॉप, फिल्टर, बाण काढणं हे सगळं कॉपीवर करा.
• लगेच गुगल फोटोज किंवा ड्राइव्हवर बॅकअप घ्या.
• कंपनीला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा ई-मेल करा. त्यात मूळ फाइल जशीच्या तशी जाते.
• बिल आणि वॉरंटी कार्ड स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये टाका. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पांढरं पडतं, म्हणून हे काम टायर घेतला त्याच दिवशी करायचं.

टायरवरचे आकडे वाचायला शिका

टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ, ९०/९०-१७ ४९पी. म्हणजे रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंचाची. ४९ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त १८५ किलो भार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. ट्रिपल सीट बसून वर खताची गोणी ठेवली तर हा आकडा विसरू नका, जादा भार हेही क्लेम नाकारण्याचं कारण असतं.

तारीख: सिरियल नंबरच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ लिहिलं असेल तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात, म्हणजे जूनमध्ये बनला. दुकानदार "एकदम फ्रेश माल आहे दादा" म्हणाला तरी आधी हे चार आकडे बघा. बिल हरवलं तर काही कंपन्या वॉरंटीचा काळ याच तारखेपासून मोजतात.

झीज दाखवणारी खूण: ग्रिपच्या खोबणीत मधेमधे रबराचे छोटे उंचवटे असतात. ग्रिप झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बदलायची वेळ झाली. कायद्याने दुचाकी-तीनचाकीला ०.८ आणि बाकीच्या गाड्यांना १.६ मिलिमीटर ग्रिप लागतेच.

आयएसआय: भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. दुचाकी-तीनचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७, कारसाठी आयएस १५६३३ आणि मालवाहू गाड्यांसाठी आयएस १५६३६ हे मानक आहे. चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कोणत्या कंपनीचं आहे ते दिसतं. नाव जुळलं नाही तर टायर घेऊच नका, आणि तक्रार त्याच अ‍ॅपमधून करा.

तपासणारा काय बघतो?

तुमची बाजू किती मजबूत आहे हे दुकानात जाण्याआधी स्वतःच तपासा.

• ग्रिप फक्त मधोमध झिजली: हवा जास्त होती.
• दोन्ही कडा झिजल्या, मध्य चांगला: हवा कमी होती.
• एकच कड झिजली: अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनचा दोष.
• बाजूला फुगा, आतून त्याच जागी धागे तुटल्याची रेघ, रिमला पोच: आदळला आहे.
• आत गोल काळा पट्टा आणि पूड: हवा नसताना चालला.
• बाहेरून चीर नाही, मार नाही, झीज सारखी आहे आणि तरी ग्रिपचा पट्टा सुटला किंवा थर वेगळे झाले: बनवण्यातल्या दोषाची शक्यता आहे. इथे क्लेम जरूर करा.

कधीकधी कंपनीचं म्हणणं बरोबर असतं. रिम वाकलेली आहे आणि आत तुटलेल्या धाग्यांची रेघ दिसतेय, तर भांडण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा नवीन टायर घ्या आणि हवेकडे लक्ष द्या. उलट बाजू खरी असेल तर मात्र गप्प बसू नका.

पंक्चरच्या दुकानात सावध राहा

ट्यूबलेस टायर पाण्यात बुडवून किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघतात. हे तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या. "पाच पंक्चर आहेत" असं कोणी सांगितलं तर प्रत्येक ठिकाणचा बुडबुडा दाखवायला सांगा आणि मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवा. टोच्याने नवीन भोक पाडून पंक्चर वाढवणारे सगळीकडे नसतात, पण असतात. आपल्या ओळखीचा पंक्चरवाला असेल तर प्रश्नच नाही.

रबरी पट्टी ठासून काढलेलं पंक्चर चालतं, पण आतून लावलेला मशरूम पॅच जास्त टिकतो, आणि त्यासाठी टायर उघडावाच लागतो, म्हणजे आठवा फोटोही मिळतो. टायरच्या बाजूला पंक्चर असेल तर ते काढून वापरू नका. ती जागा सतत दुमडते, तिथे पॅच धरत नाही. आणि ज्या टायरचा क्लेम करायचा आहे त्याला पॅच, सोल्युशन, गरम चिकटवणं काहीही करू देऊ नका. दोष जसा आहे तसा राहू द्या, ट्यूब असेल तर तीही जपून ठेवा.

क्लेम कसा करायचा?

बिल, वॉरंटी कार्ड आणि टायर घेऊन कंपनीच्या अधिकृत डीलरकडे जा. टायर जमा करताना सिरियल नंबर आणि तारीख लिहिलेली पावती घ्या. कंपनीचा तपासणारा टायर बघतो आणि निर्णय देतो. या टप्प्यावर दोन गोष्टी विसरू नका.

पहिली, नकार असेल तर लेखी कारण मागा. "कंपनीने रिजेक्ट केला" हे तोंडी उत्तर पुरेसं नाही. मेसेज, ई-मेल, शिक्का मारलेला कागद, काहीही चालेल.

दुसरी, टायर परत घ्या. दुकानदार म्हणेल, "राहू द्या, भंगारात टाकू." नाही. पुढे ग्राहक आयोगात गेलात तर आयोग वस्तूचा नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ मध्ये तशी तरतूद आहे. टायरच नसेल तर तपासणार काय? तो घरी सावलीत, कोरड्या जागी, पोत्यात बांधून ठेवा.

डीलर म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते डीलरला विचारा, असा खेळ सुरू झाला तर दोघांनाही लेखी कळवा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११ ची नवी कार म्हणून २००९ साली बनलेली, आधी चाललेली गाडी दिली गेली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये कोर्टाने सांगितलं की डीलरच्या चुकीची माहिती कंपनीला होती हे दाखवल्याशिवाय कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. त्यामुळे कोणाची चूक कोणती ते पहिल्यापासून वेगळं लिहा. जुना टायर नवा म्हणून विकला, बिल दिलं नाही, ही डीलरविरुद्धची तक्रार. थर सुटला, ही कंपनीविरुद्धची.

पाठवायचा मेसेज तयार आहे, कॉपी करा

"मी दिनांक ___ रोजी आपल्या दुकानातून ___ कंपनीचा, साइज ___, सिरियल नंबर ___ चा टायर घेतला. बिल क्रमांक ___. दिनांक ___ रोजी, गाडी ___ किलोमीटर चाललेली असताना, टायरमध्ये पुढील दोष आढळला: ___. गाडी त्याच जागी थांबवली, हवा नसताना चालवलेली नाही. त्या वेळचे फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. टायरची तपासणी करून वॉरंटीप्रमाणे निर्णय १५ दिवसांत लेखी कळवावा. नकार असल्यास कारण आणि तपासणी अहवाल द्यावा, तसेच टायर परत करावा."

मेसेजमध्ये शिव्या, धमक्या नकोत. हाच मेसेज पुढे आयोगासमोर ठेवला जाणार आहे. आणि चालवली असेल तर "चालवली नाही" असं लिहू नका, टायरची आतली बाजू खोटं उघडं पाडते.

तरीही नकार? मग पुढच्या पायऱ्या

पायरी १: १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन करा, किंवा ८८०००० १९१५ या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, किंवा त्यांच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं. तक्रार क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण बरीच प्रकरणं इथेच मिटतात, कारण तक्रार कंपनीच्या मुख्य कार्यालयात पोचते.

पायरी २: ग्राहक आयोग. तक्रार बुलढाणा जिल्हा आयोगात करता येते. टायर जालन्यात घेतला असो की ऑनलाइन, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करायचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. खरेदीची रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावणं सक्तीचं नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते.

पायरी ३: ई-जागृति. जानेवारी २०२५ पासून ग्राहक आयोगांचं काम या पोर्टलवर आलं आहे. मोबाईल नंबर आणि ई-मेलने खातं उघडा, तक्रार, शपथपत्र आणि पुरावे पीडीएफ करून अपलोड करा. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने व्हावी असा अर्जही करता येतो, म्हणजे प्रत्येक तारखेला बुलढाण्याची फेरी वाचू शकते. कायद्यात ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, ती तयारी ठेवा.

मागणी मात्र प्रमाणात करा. एका सुट्या भागात दोष निघाला म्हणून पूर्ण गाडी बदलून मिळत नाही, वॉरंटीत तो भाग बदलून देण्याचं म्हटलं असेल तर तेवढंच, असं सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मारुतीच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. टायर किंवा त्याची किंमत, झालेला खर्च आणि वाजवी भरपाई, एवढं मागा.

बिलाशिवाय काही नाही

"बिल नको असेल तर दोनशे कमी लावतो" हे वाक्य ऐकलंय ना? ते दोनशे रुपये पुढे दोन हजारांना पडतात. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाईक-कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिल टाळायचं कारणही कमी झालंय. बिलावर टायरचा सिरियल नंबर लिहून घ्या.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी दिसली तरी घाबरू नका. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे.

नकली कस्टमर केअरपासून सावध

टायर कंपनीचा नंबर गुगलवर शोधला आणि पहिल्या दिसलेल्या नंबरवर फोन केला, तर समोर ठग असू शकतो. तो म्हणेल, "क्लेम रजिस्टर करायला १० रुपये भरा" आणि लिंक पाठवेल, किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगेल. नंबर नेहमी वॉरंटी कार्डवरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचाच घ्या. ओटीपी, यूपीआय पिन कोणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी पिकअप चालवतो, भाडं मारतो. मी ग्राहक आहे का?
धंद्यासाठी घेतलेली वस्तू कायद्यातून वगळली आहे. पण स्वतःचं पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून तुम्ही गाडी वापरत असाल तर तुम्ही ग्राहकच आहात. तक्रारीत हे स्पष्ट लिहा.

एकदा पंक्चर काढलं की वॉरंटी संपते का?
सरसकट नाही. पंक्चरचा खर्च मिळत नाही, पण दोष वेगळ्या जागी आणि वेगळ्या कारणाने असेल तर क्लेम करता येतो. तुमच्या कार्डवरच्या अटी बघा.

नायट्रोजन भरल्याने टायर वाचतो का?
साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उन्हाळ्यात टायर तापण्याचं मोठं कारण कमी हवा आहे, कारण बाजू जास्त दुमडते. पंधरा दिवसांतून एकदा, टायर थंड असताना, गाडीवर लिहिलेल्या पीएसआयप्रमाणे हवा तपासा आणि गेजचा एक फोटो काढून ठेवा. हवा बरोबर ठेवत होता, याचा तोच पुरावा.

आज करायची तीन कामं: टायरचे शेवटचे चार आकडे वाचा, बिल स्कॅन करून ड्राइव्हवर टाका, १९१५ सेव्ह करा. पाच मिनिटं लागतील. नवीन टायर घेणारा मित्र असेल तर दुकानात जायच्या आधी त्याला हा लेख वाचायला द्या.